करपण्याआधी सावड हवी

मेडिसिनच्या ओपीडीत रोज ऐकू येणाऱ्या तक्रारींत ‘थकवा’ ही तक्रार कायम असते. थकवा म्हटले की आमचा तपासणीचा एक ठरलेला क्रम आहे. हिमोग्लोबिन किती, साखर किती, थायरॉइड ठीक आहे का, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते का, रात्री घोरण्यामुळे झोप मोडते का, वजन उतरले का, संध्याकाळी बारीक ताप येतो का. अनेकांच्या थकव्याचे कारण या यादीत सापडते आणि योग्य औषधाने तो जातोही.

पण काही जणांचे सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतात आणि ते ऐकून त्यांचा चेहरा उजळण्याऐवजी पडतो. त्यांत बँकेतले अधिकारी असतात, शिक्षिका असतात, एसटीचे वाहक असतात, सॉफ्टवेअर कंपनीतली तरुण मुले-मुली असतात आणि आमच्याच क्षेत्रातल्या सिस्टर व निवासी डॉक्टरही असतात. त्यांच्या बोलण्यात काही वाक्ये पुन्हा पुन्हा येतात. ‘रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो.’ ‘आठ दिवस गावी जाऊन आले, पण कामावर गेले त्याच दिवशी परत तेच.’ ‘पूर्वी मी असा नव्हतो, आता समोर माणूस आला की त्याचा रागच येतो.’

अशा वेळी मी दोन प्रश्न विचारते. सुट्टीच्या दिवशी कसे वाटते? आणि कामाच्या ठिकाणी मोकळेपणाने बोलता येईल असे कोणी आहे का? पहिल्या प्रश्नातून थकवा शरीराचा की कामाचा, याचा थोडा अंदाज येतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बऱ्याचदा पटकन येत नाही. माणूस थोडा वेळ गप्प राहतो आणि मग म्हणतो, ‘तसं कोणी नाही.’ आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

करपणे म्हणजे नेमके काय?

‘बर्नआउट’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाच्या एका लेखामुळे तो शास्त्रीय लेखनात आला. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात ते काम करत. तिथे मोठ्या हौसेने, स्वतःचा वेळ खर्चून येणारे स्वयंसेवक काही काळाने थकलेले, चिडचिडे आणि कोरडे होताना त्यांना दिसले. त्यातून ते स्वतःही सुटले नाहीत. पुढे अमेरिकेतच ख्रिस्टिना मॅस्लाक यांनी या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९८१ मध्ये ती मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. ती आजही जगभर वापरली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मंजूर केली. ती २०२२ पासून लागू झाली. त्यात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ ताण राहिला आणि त्याचे व्यवस्थापन नीट झाले नाही, तर ही स्थिती येते असे संघटना म्हणते. तिची लक्षणे तीन. पहिले, शक्ती पार संपल्यासारखे वाटणे. दुसरे, कामापासून मन तुटणे आणि त्याविषयी तुच्छता, कडवटपणा येणे. तिसरे, आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे.

मला यासाठी स्वयंपाकघरातला ‘करपणे’ हा शब्द जवळचा वाटतो. भात करपतो तो तळाशी. वरची शिते बराच वेळ पांढरीशुभ्र दिसतात. वास सुटतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि भात करपला म्हणून कोणी तांदळाला दोष देत नाही. आच मोठी होती का, पाणी कमी पडले का, कोणाचे लक्ष होते का, हे आपण बघतो. माणूस करपला की मात्र ‘याच्यातच दम नाही’ असे म्हणून मोकळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतले महत्त्वाचे तेच आहे. ती बोट माणसाकडे दाखवत नाही, कामाकडे दाखवते.

साहेबाला ताण, की शिपायाला?

ताण हा काही नुसता मनाचा खेळ नाही. धोका दिसला की मेंदू ॲड्रिनल ग्रंथींना इशारा देतो. ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात येतात. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, साखर वर जाते. ही व्यवस्था थोड्या वेळापुरती उत्तम आहे. पण धोका रोज सकाळी दहाला सुरू होऊन रात्री मोबाइलवरही संपत नसेल, तर शरीराला पूर्वपदावर यायला उसंत मिळत नाही. झोप बिघडते, व्यायाम सुटतो, तंबाखू किंवा दारूचे प्रमाण वाढते आणि हृदयविकाराची वाट सोपी होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात म्हटले आहे. अशा दीर्घ कामामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा तो अंदाज होता.

तरी सगळा दोष तासांचा नाही. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवरचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास वैद्यकात प्रसिद्ध आहे. मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या दुसऱ्या टप्प्यात दहा हजारांहून अधिक कर्मचारी होते. मोठ्या पदावर मोठा ताण आणि म्हणून साहेबाला हृदयविकार, अशी आपली समजूत असते. या अभ्यासांत उलटे दिसले. हुद्दा जितका खालचा, तितके हृदयविकाराचे प्रमाण जास्त. त्यामागच्या कारणांतले एक मोठे कारण असे, की खालच्या माणसाच्या हातात स्वतःच्या कामाबद्दल काहीच ठरवणे नसते. काय करायचे, केव्हा करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, हे सगळे दुसरा कोणी ठरवतो. नुसते काम माणसाला तितके थकवत नाही, जितकी कामापुढची हतबलता थकवते.

पेटतो तोच करपतो

आता एक उफराटी गोष्ट. कामचुकार माणूस सहसा करपत नाही. फ्रॉइडेनबर्गर यांनीही हेच नोंदवले होते, की जे जीव ओतून काम करतात त्यांनाच हा धोका अधिक. म्हणून बर्नआउटबद्दल बोलायचे तर आधी कामाच्या ऊर्मीबद्दल बोलावे लागते.

माणूस कामाला मनापासून का लागतो, याचे एक उत्तर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दिले आहे. त्यांच्या मते माणसाच्या तीन मानसिक गरजा असतात. थोडे स्वातंत्र्य हवे, आपल्याला हे जमते असा विश्वास हवा आणि आपण या लोकांतले आहोत ही भावना हवी. या तीन गोष्टी मिळाल्या तर ऊर्मी आतून येते. त्या नसतील तर बक्षीस आणि मेमो या दोन काठ्यांनी माणूस हाकावा लागतो, आणि हाकलेला माणूस काठी दिसेपर्यंतच चालतो.

इथे पगाराचा प्रश्न बाजूला सारून चालणार नाही. पगार वेळेवर होत नसेल, कंत्राट दर अकरा महिन्यांनी टांगणीला लागत असेल, एकाच टेबलावरच्या दोघांत एकाला निम्मे मिळत असतील, तर प्रेरणेवरचे व्याख्यान म्हणजे जखमेवर मीठ. पण पगार ठीक असूनही माणसे करपतात, हे आम्ही डॉक्टर मंडळी आमच्याच घरात पाहतो. तिथे कमी पडते ती तिसरी गोष्ट, आपलेपणा.

अमेरिकेत एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या संशोधकांनी रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांशी सविस्तर बोलून एक अभ्यास केला. काम सगळ्यांचे एकच, लादी आणि कचरा. तरी काही जणांना ते हलके, नाइलाजाचे काम वाटत होते, तर काही जण स्वतःला रुग्ण बरा करण्याच्या कामातले भागीदार समजत होते. ते रुग्णांशी चार शब्द बोलत, घाबरलेल्या नातेवाइकांना वाट दाखवत. आपल्या कामाला किंमत आहे की नाही, हे त्यांना कोण सांगत होते? परिचारिका आणि डॉक्टर त्यांच्याशी कसे वागतात, यावरून ते स्वतःच ओळखत होते. कोणी नावाने हाक मारतो, कोणी ओल्या लादीवरून न बघता चालत जातो. दोन्हींतून निरोप पोचतो.

आपल्या वॉर्डांतल्या मावशी आणि मामा यांच्याबद्दल हे शब्दशः खरे आहे. अपघाताचा रुग्ण आला की ट्रॉली घेऊन सगळ्यात आधी धावणारा मामा आणि कोपऱ्यात उभा राहून ‘माझी पाळी संपली’ म्हणणारा मामा, हे दोघे जन्मतः वेगळे नसतात. कित्येकदा तो एकच माणूस असतो, मधे दहा वर्षे गेलेली असतात.

शेजारचा माणूस काय करतो?

१९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक यांनी कामाच्या ताणाचे एक साधे गणित मांडले. कामाची मागणी जास्त आणि हातातला अधिकार कमी, की ताण सर्वाधिक. नऊ वर्षांनी जॉन्सन आणि हॉल या संशोधकांनी स्वीडनमधील तेरा हजारांहून अधिक कामगारांच्या माहितीवरून या गणितात तिसरी बाजू जोडली: सहकाऱ्यांचा आधार. मागणी जास्त, अधिकार कमी आणि आधारही नाही, अशा कामगारांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार अधिक आढळले.

आधार म्हणजे दरवेळी गळ्यात गळा घालणे नव्हे. सहकारी तुमचा मित्र असलाच पाहिजे असे नाही. डबा वेगळा खाल्ला तरी चालेल. कामाच्या ठिकाणचा आधार फार व्यावहारिक असतो, आणि तो पाहायचा तर वॉर्डात पाळी बदलते त्या वेळी उभे राहावे.

जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेका रुग्णाची माहिती देते. आम्ही त्याला ‘ओव्हर देणे’ म्हणतो. एक पद्धत अशी, की वही पुढे सरकवायची, पर्स उचलायची आणि निघायचे. दुसरी पद्धत अशी, की खाटेजवळ जाऊन सांगायचे: ‘बारा नंबरच्या आजोबांना रात्री दम लागला होता, त्यांच्याकडे अधूनमधून बघ. पाच नंबरचा मुलगा फार चिडलाय, त्याला मीच समजावलंय, तू वाद घालू नकोस.’ दुसऱ्या पद्धतीला दहा मिनिटे जास्त लागतात. पण त्या दहा मिनिटांत येणारीचा अर्धा ताण उतरलेला असतो. पुढे काय वाढून ठेवले आहे हे तिला कळलेले असते, आणि काही झाले तर ती एकटी नाही हेही कळलेले असते.

बँकेत, शाळेत, कचेरीतही असेच असते. शेजारच्या टेबलावरचा माणूस तीन गोष्टी देतो. काम अंगावर आले तर हात देतो. अडले तर माहिती देतो. आणि साहेब विनाकारण ओरडले तर ‘तुझं चुकलं नव्हतं’ असे सांगणारा साक्षीदार होतो. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्मीळ आहे. अपमानाचा ताण शरीराला कामाच्या ताणापेक्षा जास्त दिवस छळतो, असे माझे इतक्या वर्षांचे निरीक्षण आहे.

चांगल्या संबंधांचा फायदा कर्मचाऱ्यांपुरताही राहत नाही. एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयांतील औषधांच्या चुकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. आश्चर्य असे, की जिथे प्रमुख आणि सहकारी यांचे संबंध चांगले होते, त्या विभागांत चुका जास्त नोंदलेल्या होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला: तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. बाकी ठिकाणी लोक भीतीने झाकत होते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया तपासणी यादीचा आठ शहरांतील अनुभव प्रसिद्ध झाला; त्यांत नवी दिल्लीही होती. यादी वापरू लागल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. त्या यादीतील एक मुद्दा अगदी साधा आहे: चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. ज्याने एकदा तोंड उघडले, तो पुढे काही चुकताना दिसले तर बोलतो.

करपण्याचीही लागण होते

याच नाण्याची दुसरी बाजू अशी, की सहकारी जसा औषध होतो तसा रोगही होतो. युरोपातील अतिदक्षता विभागांतल्या परिचारिकांवरच्या एका अभ्यासात दिसले, की ज्या विभागात आधीच बरेच जण करपलेले आहेत, तिथे नव्याने करपण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे याला वेगळा अभ्यास लागत नाही. नवीन लागलेली मुलगी उत्साहाने काम करू लागते, आणि पहिल्याच आठवड्यात कोणी तरी सांगते, ‘एवढं नको गं करू, इथे कोणाला काही पडलेली नाही.’ सांगणारी वाईट नसते. ती स्वतः केव्हाची तळाला लागलेली असते.

भाजणाऱ्या आणखी गोष्टी सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. चार लोकांसमोर केलेला पाणउतारा. एकाने केलेले काम दुसऱ्याच्या नावावर जाणे. गटबाजी आणि टोमणे. रात्री अकराला कामाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला ‘अर्जंट’ निरोप. आणि या सगळ्यांच्या वर, पक्षपात. दिवाळीची रजा दरवर्षी ठरावीक लोकांनाच मिळते, रात्रपाळ्या ठरावीक लोकांच्याच वाट्याला येतात. मॅस्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी बर्नआउटची सहा क्षेत्रे सांगितली आहेत: कामाचा भार, हातातला अधिकार, मोबदला व कौतुक, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्यांचा मेळ. सहांपैकी भार हे एकच क्षेत्र आहे. आपण मात्र चर्चा केली तर तेवढीच करतो.

योगशिबिर का पुरत नाही?

कर्मचारी थकले की संस्था एखादे तणावमुक्ती शिबिर ठेवते. व्याख्यान होते, दीर्घ श्वसन होते, शेवटी चहा-बिस्किटे होतात. योग आणि ध्यान यांचे फायदे मी नाकारत नाही. मी स्वतः रुग्णांना सांगते. पण भात करपत असताना आच तशीच ठेवून तांदळाला श्वास घ्यायला शिकवण्यात अर्थ नाही.

ब्रिटनमधील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यान, ताण-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण, झोप सुधारणारी ॲप अशा वैयक्तिक उपायांत भाग घेतलेले कर्मचारी, भाग न घेतलेल्यांपेक्षा सुस्थितीत असल्याचे त्यात दिसले नाही. डॉक्टरांवरील उपायांचा २०१७ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही व्यक्तीवर केलेल्या उपायांपेक्षा कामाची रचना बदलणाऱ्या उपायांचा परिणाम अधिक दिसला.

याबाबत अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७४ डॉक्टरांना दर पंधरवड्याला कामाच्या वेळातलाच एक तास मोकळा दिला गेला, असे नऊ महिने. निम्म्यांनी तो तास स्वतःला हवा तसा वापरला. उरलेले छोट्या गटांत बसून कामाच्या अनुभवांबद्दल एकमेकांशी बोलले. बोलणाऱ्या गटात कामाविषयीची ओढ वाढली आणि रुग्णांविषयी आलेला कोरडेपणा कमी झाला. तो फरक पुढे वर्षभर टिकला. म्हणजे नुसता मोकळा वेळ पुरला नाही. तोच वेळ सहकाऱ्यांसोबत गेला तेव्हा उपयोग झाला.

सावड आणि वेठ

हे वाचून एखादा वरिष्ठ म्हणेल, ‘छान! माणसे कमी असली तरी चालतील, फक्त सगळ्यांनी मिळून-मिसळून राहावे.’ तसे मुळीच नाही.

आपल्या खेड्यांत ‘सावड’ नावाची रीत आहे. पेरणी-काढणीच्या दिवसांत आज माझी बैलजोडी तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या रानात. पैशाची देवघेव नाही, पण हिशेब पक्का. एकटा माणूस ज्या कामाने मोडून पडला असता, ते काम सावडीने निभावते. कामाच्या ठिकाणचे चांगले नाते म्हणजे हीच सावड. आज तुझ्या मुलाला ताप आहे, तू जा, तुझी पाळी मी करते. पुढच्या महिन्यात माझ्या घरी लग्न आहे, तेव्हा तू कर.

पण हिशेब सुटला की सावडीची वेठ होते. प्रत्येक कचेरीत ‘नाही’ म्हणता न येणारी एक व्यक्ती असते. काम करणाऱ्यालाच काम सांगितले जाते. तिचे कौतुकही होते, ‘तिच्यामुळे चाललंय सगळं.’ ते कौतुक ऐकून ती आणखी ओढते आणि एक दिवस बसते. अशा बायका घरी गेल्यावर दुसरी पाळी करतात, हे वेगळे सांगायला नको. ज्या संस्था रिक्त पदे न भरता माणसांच्या चांगुलपणावर चालतात, त्या त्यांच्यातल्या सर्वांत चांगल्या माणसांना आधी जाळतात.

म्हणून तास आणि माणसे यांचे प्रश्न सोडवावेच लागतात. कारखाना कायद्याने १९४८ मध्ये कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. निवासी डॉक्टरांच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये शिफारस केली ती आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची, आणि एक दिवस सुट्टीची. ७४ तास ही सुधारणा ठरावी, यावरूनच प्रत्यक्ष परिस्थिती ओळखावी. सावड ही माणसांच्या जोडीला हवी. माणसांच्या जागी ती चालत नाही.

काय करता येईल?

स्वतःसाठी: थकवा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर आधी शरीराच्या तपासण्या करून घ्या. ‘टेन्शन असेल’ म्हणून थायरॉइड किंवा रक्तक्षय अंगावर काढू नका. तपासण्या ठीक असतील तर वर सांगितलेली सहा क्षेत्रे एका कागदावर लिहा आणि नेमके कुठे दुखते ते शोधा. ‘नोकरीच नको’ असे वाटणाऱ्या पुष्कळांचे दुखणे प्रत्यक्षात एका पाळीचे, एका कामाचे किंवा एका माणसाचे असते, आणि तेवढे बदलून घेता येते. कामाच्या ठिकाणी निदान एका माणसाशी खरे बोलता येईल इतके नाते जपा. ते जेवणाच्या सुट्टीत मोबाइल खाली ठेवल्याशिवाय तयार होत नाही.

सहकाऱ्यासाठी: नेहमी हसणारा माणूस गप्प झाला, नेहमी वेळेवर येणारी बाई उशिरा येऊ लागली, सौम्य माणूस तोंड टाकू लागला, तर तो तळाशी लागत असल्याचा वास समजा. ‘तुला झालंय काय?’ असे विचारण्यापेक्षा ‘आज तुझ्या कामातलं काय मी घेऊ?’ हा प्रश्न बरा. चौघांत एखाद्याचा पाणउतारा झाला तर नंतर पाच मिनिटे त्याच्यापाशी जाऊन बसा.

वरिष्ठासाठी: रागवायचे ते दाराआड, कौतुक करायचे ते सर्वांसमोर, आणि नाव घेऊन. पाळ्या आणि रजा यांचे नियम लिहून भिंतीवर लावा. कामाच्या गटावर रात्री निरोप टाकू नका. पाळी बदलण्याची ती दहा मिनिटे कामाच्या वेळातच धरा. आणि कर्मचारी चुकीची कबुली द्यायला आला, तर आधी त्याला बसायला सांगा.

एक सावधगिरीचा इशारा मात्र सर्वांसाठी. बर्नआउटमध्ये सुरुवातीला उदासी कामापुरती असते. सुट्टीत, घरच्यांत माणूस खुलतो. घरीही कशातच रस उरला नाही, झोप-भूक उडाली, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, जगू नये असे विचार येऊ लागले, तर ते नैराश्य असू शकते. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

रुग्णालयाच्या भिंतीवर बरेच फलक असतात, क्षयरोगाचे, डेंग्यूचे, हात धुण्याचे. माझ्या लेखी त्या भिंतीवरचा एक कागद यांच्याइतकाच आरोग्याचा आहे, तो म्हणजे महिन्याचा ड्यूटी चार्ट. रात्रपाळ्या कोणाला किती, सणाला कोण कामावर, कोणाच्या नावापुढे सलग सहा रात्री आहेत, हे त्यात दिसते. तुमच्या कामाच्या ठिकाणीही असा एखादा कागद असेलच, भिंतीवर किंवा कोणाच्या संगणकात. उद्या कामावर गेलात की तो एकदा नीट वाचा. त्यात तुमचे नाव कुठे आहे ते बघाल तेव्हा शेजारच्या माणसाचेही नाव किती वेळा आले आहे, ते मोजा.